कपाळ सोडून

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे या चर्चच्या सगळ्या घरांत, मला सगळे चावीवाली म्हणतात. चर्चच्या सोळा कुलपांच्या चाव्या माझ्या कमरेला असतात आणि मी येतेय हे माझ्याआधी त्याच सांगतात. वेदीवरची वस्त्रं धुणं, बाकांवर सांडलेलं मेण खरवडणं, फादरांना त्यांचा चष्मा त्यांच्याच डोक्यावर आहे हे सांगणं, अशी कामं मी एकोणीस वर्षं करतेय. या काळात चार फादर आले नि गेले. तोंडाने मी फटकळ आहे. त्याचं मला कौतुक नाही, पण लपवायचं म्हटलं तरी कुणापासून लपवणार?

एका कामाचा मात्र मला खरोखर गर्व होता. राखेच्या बुधवारची राख.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. ईस्टरच्या आधीच्या रविवारी आम्ही चर्चमध्ये झावळीची पाती आशीर्वादित करून वाटतो. लोक ती घरी नेतात, कुणी तसबिरीमागे खोचतं, कुणी खिळ्याला टांगतं. वर्षभरात ती वाळून पिवळी पडतात. पुढच्या वर्षी ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तीच पाती परत गोळा करायची, जाळायची आणि त्यांची राख बुधवारी सगळ्यांच्या कपाळाला लावायची. आपण मातीचे आहोत, मातीतच जायचंय, याची आठवण म्हणून. हल्ली म्हणे राख तयार डबीतही मिळते. मी असली डबी चर्चच्या पायरीवरही चढू दिली नाही. आमची बासष्ट घरं, आणि बासष्ट घरांची पाती माझ्या पोत्यात पडल्याशिवाय मला झोप लागत नसे. आधीचे तीन रविवार मी मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, संपताना उभी राहून दरडावायची, "एकही पातं घरात राहता कामा नये!" लोक हसायचे, पण आणून द्यायचे. ज्यांना चालवत नाही त्यांच्याकडे मंगळवारी मी स्वतः जायची.

त्यातल्या एक शिवणकाकू. चाळीस वर्षं त्यांनी निम्म्या गावाचे कपडे शिवले. मग डोळे गेले, मागोमाग गुडघे गेले, आणि आता गल्लीच्या टोकाच्या घरात खिडकीजवळच्या पलंगावर त्या पडून असतात. नवरा कधीच गेलेला. एकुलती एक मुलगी होती, तिला आम्ही डावरी म्हणायचो, कारण ती सगळं डाव्या हाताने करायची. औषधांच्या दुकानात कामाला होती. गोळ्या मोजतानाही डावा हात, क्रूसाची खूण करतानाही चुकून डावा हात वर जायचा आणि आई चापट मारायची.

गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी डावरीने एक नवीनच खूळ काढलं. नुसती पाती वाटण्याऐवजी तिने आदल्या दिवशी चर्चच्या अंगणात बसून प्रत्येक पात्याचा विणलेला क्रूस केला. घरटी एक. मी म्हटलं, "बाई गं, जळायचंच आहे ते, कशाला एवढा जीव काढतेस?" ती हसली नि विणत राहिली. त्यानंतर चार महिन्यांनी तिला ताप आला. पाचव्या दिवशी मी तिच्यासाठी चर्चची मयताची घंटा वाजवली.

तेव्हापासून शिवणकाकूंचं सगळं धर्मग्रामाने वाटून घेतलं. कुठल्या वारी कोण जेवण नेणार याचा कागद चर्चच्या दारामागे लावला. सोमवारी बेकरीवाली, मंगळवारी शाळेच्या बाई, असं. सकाळी जाऊन काकूंचं तोंड पुसायचं, केस विंचरायचे, चादर बदलायची, हे माझ्याकडे. काकूंच्या पलंगाजवळ भिंतीला एक खिळा होता आणि त्याला डावरीने विणलेला क्रूस. मी तोंड पुसून झालं की काकू हात वर करून तो चाचपायच्या, जसा एखादा माणूस उठल्याबरोबर घड्याळ बघतो तसा. हे मी रोज बघत होते. रोज! म्हणून तर पुढचं सांगताना माझी मलाच लाज वाटते.

त्या मंगळवारी मी घाईत होते. पोतं अर्धं भरलेलं, आणखी पाच घरं बाकी, आभाळ भरून आलेलं आणि पाती भिजली असती तर जळणार नव्हती. मी काकूंकडे शिरले तेव्हा त्या झोपल्या होत्या. मी हात वर केला, खिळ्यावरचा क्रूस काढला, पोत्यात टाकला आणि निघाले. मनात एवढंच आलं की सत्तावन्न झाली. एकोणीस वर्षं तोच खिळा, त्याच दिवशी, तोच हात. हाताला सवय लागली की डोकं कशाला चालवायचं?

संध्याकाळी मी चर्चमागे लोखंडी घमेल्यात सगळं जाळलं. राख वस्त्रगाळ केली. थेंबभर तेल घातलं. इतकी काळी, इतकी मऊ राख मला आजवर जमली नव्हती आणि मी फादरांना बोलावून दाखवलीसुद्धा.

बुधवारी मिस्सा झाल्यावर वाटीत राख घेऊन मी अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी निघाले. काकूंच्या कपाळावर मी अंगठ्याने क्रूस काढला, शब्द म्हटले. त्यांनी "आमेन" म्हटलं आणि नेहमीसारखा हात भिंतीकडे नेला.

हात खिळ्यावर थांबला. मग खाली सरकला, भिंतीवर, उशीमागे, गादीच्या कडेला.

"अगं चावीवाले, इथलं पडलं वाटतं. बघ बरं खाली."

मी खाली बघितलं. खरंच वाकून बघितलं! माझ्या अंगठ्याला राख तशीच होती. मला तेव्हा कळलं की तो क्रूस कुठे आहे. एरवी माझं तोंड कुणाला आवरत नाही, त्या दिवशी खरं बोलायला मात्र ते उघडेना.

"मीच नेलाय काकू," मी म्हटलं. "एक पातं सुटायला आलं होतं. नीट करून आणते."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "तू असतेस म्हणून बरं."

मला तिथे उभं राहवेना, पण निघूनही जाता येईना. काहीतरी सेवा करावी म्हणून मी पाणी गरम केलं, फडकं ओलं केलं आणि त्यांचं तोंड पुसून दिलं. मान, गाल, कपाळ, सगळं. घासून घासून पुसलं.

दुसऱ्या दिवसापासून माझा उपवासकाळ सुरू झाला. बाकीचे कुणी गोड सोडतं, कुणी विडी सोडतं. मी दारोदार फिरायला लागले. डावरीने बासष्ट क्रूस विणले होते, कुणाकडे तरी एक राहिला असेल ना! बेकरीवालीला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हीच तर म्हणालात, एकही राहता कामा नये." शाळेच्या बाईंनी कपाट उपसलं, तसबिरी उलट्या केल्या. सुताराने तर माझ्यासमोर पलंग हलवला. कुणाकडेच नव्हता. इतकी आज्ञाधारक माणसं मी आयुष्यात बघितली नाहीत, आणि त्यांना तसं करणारी मीच. एरवी मेले एक बाक सरळ लावणार नाहीत.

मग मी स्वतः विणून बघितला. झावळी आणली, दारं लावून बसले. जमलाही, पण माझी वीण उजवीकडे वळलेली. डावरीची डावीकडे वळायची. काकूंची बोटं म्हणजे चाळीस वर्षं शिवणीवर फिरलेली बोटं. अस्तर उलटं लागलं तर त्या अंधारात सांगायच्या. त्यांच्या हातात माझा क्रूस द्यायचा म्हणजे त्यांच्या तोंडावर खोटं बोलण्यासारखंच, आणि ते मी एकदा केलंच होतं.

रोज सकाळी मी फडकं पिळत असताना काकू विचारायच्या, "झाला का गं नीट?"

"होतोय काकू."

तिसऱ्या आठवड्यात मी फादरांना सगळं सांगितलं. पोरगेलासा माणूस, मी त्याला एरवी बोलू देत नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यांना सांगून टाका."

"आधी एक शोधते, मग सांगते. रिकाम्या हाताने कसं सांगू?"

 फादर मानेवरून हात फिरवत म्हणाले, "मी परवा केस कापून आलो. सलूनमध्ये आरशाच्या चौकटीत तसला एक खोचलेला आहे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. सलूनवाला माझ्या बासष्टात नव्हता. तो दुकानाच्या मागच्या खोलीत एकटा राहायचा, चर्चला कधीमधी दारापाशी उभा असायचा आणि गेले काही महिने तेही बंद झालं होतं. चर्चला न येणाऱ्यांची घरं मी मोजत नसे.

दुपारी दुकान रिकामं होतं. तो वस्तरा पुसत होता. आरशाच्या चौकटीत, फणीच्या डब्यावर, तो क्रूस होता. डावीकडे वळलेली वीण मी दारातूनच ओळखली.

मी काय झालं ते सांगितलं. हातचं काही राखलं नाही. त्याने वस्तरा खाली ठेवला, क्रूस हळूच काढला आणि माझ्यापुढे धरला.

"न्या मावशी."

घ्यायला मी हात पुढे केला, पण त्याच्या बोटांतून तो सुटेना. 

"तुला तिने केव्हा दिला?" मी विचारलं.

"विणला तेव्हाच. सगळ्यात पहिला." तो आरशाकडे बघत बोलत होता, माझ्याकडे नाही. "ईस्टर झाला की आईला सांगू म्हणाली होती. मग म्हणाली, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊ दे, तुला बघेल तरी. ऑपरेशन काही झालं नाही. मग ताप आला."

"म्हणजे काकूंना काहीच…"

"नाही. मातीच्या वेळी मी कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभा होतो. आत कुठल्या नात्याने येणार?"

मी त्याला फाटकाबाहेर बघितलं होतं. आत ये तरी, असं म्हणायचं सोडून मी मनात म्हटलं होतं, याला आज तरी टोपी काढता येत नाही का. देवा, माझ्या जिभेला आणि डोळ्यांना काय करावं! मी पुढे केलेला हात मागे घेतला.

"खिशात ठेव," मी म्हटलं. "आणि चल माझ्याबरोबर."

"त्यांना मी कोण ते माहीत नाही मावशी."

"माहीत होईल."

काकू उशीला टेकून बसल्या होत्या. चाव्यांच्या आवाजाने त्यांनी मान वळवली आणि लगेच म्हणाल्या, "बरोबर कोण आहे?"

मी सांगायच्या आत त्या थांबल्या. नाक वर करून त्यांनी श्वास घेतला. सलूनमधल्या साबणाचा नि लोशनचा वास त्याच्या सदऱ्याला होता, तो मलासुद्धा येत होता.

"हा वास," त्या सावकाश म्हणाल्या, "तिच्या कपड्यांना यायचा. मी विचारलं की म्हणायची, दुकानात बाटली फुटली. वर्षभर बाटल्याच फुटत होत्या तिच्या दुकानात."

तो पलंगाजवळ गुडघ्यांवर बसला आणि क्रूस त्यांच्या हातात दिला. काकूंची बोटं त्यावरून फिरली. एकदा वरपासून खालपर्यंत, एकदा आडवी. त्यांचा चेहरा उजळला आणि मग विझला.

"वीण तिचीच आहे," त्या म्हणाल्या. "पण हा माझा नाही. माझ्याच्या टोकाला गाठ होती. पातं आखूड पडलं म्हणून तिने दातांनी ओढून मारली होती. हा कुणाचा?"

"माझा," सलूनवाला म्हणाला.

"आणि माझा कुठे आहे गं?"

आता मात्र बोलावंच लागलं. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मंगळवार, पोतं, घमेलं. पातं सुटलेलं नव्हतं हेही सांगितलं. मी रडत होते, पण त्यांना ते दिसत नव्हतं आणि त्याचा फायदा घ्यायचा नाही म्हणून मी आवाज घट्ट ठेवला. "बुधवारी तुमच्या कपाळाला लावली काकू, ती तीच राख होती."

काकूंनी दोन बोटं कपाळाला लावली. बराच वेळ त्या कपाळ चाचपत राहिल्या.

"पण तू ती पुसलीस ना," त्या म्हणाल्या. "ओल्या फडक्याने. त्याच दिवशी."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्या ओरडल्या असत्या, मला घराबाहेर काढलं असतं, तर मी आनंदाने गेले असते. मी म्हटलं, "हो." 

सलूनवाल्याने मान खाली घातली होती. काकूंनी त्याचा क्रूस त्याच्या हातात परत दिला आणि त्याची मूठ वरून आवळली. "हा तुझा तू ठेव. खिळ्याला लावायचा नाही." मग माझ्याकडे वळून विचारलं, "उरलीय का थोडी?"

मी अशी धावत चर्चला गेले की वाटेत बेकरीवालीला वाटलं कुणी गेलंच. वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात उरलेल्या राखेची डबी होती, तळाशी चमचाभर राख. ती घेऊन आले. काकूंनी डबीत बोट घातलं, राख चिमटीत घेऊन चोळली, जसं पूर्वी कापड चोळून बघायच्या.

"यात तिचं कुठलं?"

"कळायचं नाही काकू. बासष्ट घरांचं एकत्र झालंय."

"सगळी तिनेच विणली होती ना?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "हो," मी म्हटलं. "सगळी तिनेच."

"मग याला लावू दे."

त्याने अंगठा राखेत बुडवला आणि त्यांच्या कपाळावर क्रूस काढला. कुठले शब्द म्हणायचे ते त्याला माहीत नव्हतं. 

"उद्या तोंड पुसशील ना," काकू मला म्हणाल्या, "कपाळ सोडून."

त्यानंतर रोज मी कपाळ सोडून तोंड पुसलं. भुवयांपर्यंत यायचं, थांबायचं आणि केसांच्या बाजूने पुन्हा सुरू करायचं. जेवण आणणाऱ्या बायकांना नवल वाटलं, कारण राखेचा बुधवार कधीच मागे पडला होता. शाळेच्या बाईंनी एकदा प्रेमाने रुमाल पुढे केला, तेव्हा मी त्यांच्या हातावर अशी चापट मारली की त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग मी त्यांना कारण सांगितलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या धर्मग्रामाला माहीत झालं आणि कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. कुणीतरी मला बोललं असतं तर बरं, असं रोज वाटायचं.

दर सोमवारी सलून बंद असतं. सोमवारी तो येऊन बसायला लागला. पहिल्या वेळी तो नुसता तासभर बसून गेला. दुसऱ्या सोमवारी काकूंनी विचारलं, "ती तुझ्याशी भांडायची का?" तो म्हणाला, "खूप." काकू म्हणाल्या, "मग ठीक." मी स्वयंपाकघरात सूप गरम करत होते. ते उतू गेलं तरी मी हलले नाही, कारण तो तिची नक्कल करून दाखवत होता आणि काकू हसत होत्या, आणि हसता हसता त्यांचं रडू कधी सुरू झालं ते मला कळलं नाही.

राख रोज थोडी उतरत होती. काही उशीला लागायची, काही घामाने जायची. काकूंनी अभ्रा बदलू दिला नाही. आधी आडवी रेघ गेली. मग उभीचा वरचा भाग. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी दोन भुवयांच्या मध्ये तिळाएवढा ठिपका उरला होता. शुक्रवारी मी दिवा जवळ नेऊन बघितलं. काहीच नव्हतं. मी काही बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही, आणि मी कपाळ सोडून तोंड पुसत राहिले.

ईस्टरच्या सकाळी मिस्सा आटपून मी त्यांच्याकडे गेले. बाहेर घंटा अजून वाजत होत्या. मी पाणी गरम केलं, फडकं पिळलं, हनुवटीपासून सुरुवात केली. भुवयांपाशी आले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"आहे ना गं अजून?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! त्यांना कुठे दिसणार होतं. "आहे काकू" एवढंच तर म्हणायचं, आणि रोज भुवयांपाशी थांबायचं, त्या असेपर्यंत. माझ्या ओठांवर आलं होतं.

"नाही काकू," मी म्हटलं. "गेली."

"केव्हा?"

"बुधवारी शेवटची दिसली."

त्यांनी मनगट सोडलं नाही. दुसरा हात भिंतीकडे गेला, खिळा सापडला, त्याभोवती बोटं मिटली. आम्ही तशाच थांबलो. घंटा संपल्या. मग त्यांनी खिळाही सोडला आणि माझं मनगटही.

"मग आता कपाळ पूस."

मी पुसलं. फडकं वाटीत पिळलं, तर पाणी स्वच्छ होतं.